बेअरिंगची खालची वाटी

माझ्या थोरल्या भावाला पासष्टी उलटल्यावर नावेचं वेड लागलं, आणि तेही नागपुरात. ज्या गावात नदीच्या पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात, त्या गावात. मोबाइलवर त्यानं विलायतेतल्या कालव्यांचे व्हिडिओ पाहिले होते. लांबलचक, अरुंद लोखंडी नावा, आत पलंग, शेगडी, छोटं कपाट, आणि मागच्या टोकाला जुनं डिझेल इंजिन धुक-धुक करत बसलेलं. म्हातारा-म्हातारी त्यात संसार करतात आणि सकाळचा चहा पीत पीत गावं मागं टाकतात. आमच्या दादाला हे फार आवडलं. जन्मभर दुकानातल्या एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाला चालतं घर आवडणारच.

दुकान म्हणजे उमरेड रोडवरचं आमच्या बाबांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान. आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे. बाबांनी माग सोडून इंजिनं धरली. आता तिथं दुरुस्तीला काही येत नाही. दर्शनी भागात माझा भाचा, दादाचा मुलगा, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतो, मागचं अंगण रिकामं असतं. त्या अंगणात दादानं ट्रेलरवर घालून एक नाव आणून टाकली. कुठल्याशा धरणाच्या कामावर सिमेंट वाहायला वापरलेली, तीस फूट लांब, जेमतेम सहा फूट रुंद, तळाची गंजून चाळण झालेली. येणारे-जाणारे विचारायचे, "काहून गा भाऊ, नाग नदीत सोडता का?" दादा हसायचा. त्याला लोकांचं काही लागत नाही. लागायचं ते मला लागतं, ही आमच्या घरातली जुनी वाटणी आहे.

त्याचा फोन आला तेव्हा मी प्रताप नगरच्या माझ्या घरी डाळ निवडत होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला. दादा म्हणाला, "नावेसाठी इंजिन आणलं आहे, ते खोलाचं आहे. माह्या हाताले आता कंप सुटते. तू येशीन का?"

मी हो म्हणाले. डाळ तशीच ताटात राहिली. चाळीस वर्षांत त्यानं मला दुकानात कामासाठी बोलावण्याची ती पहिली वेळ होती. दिवाळीला, भाऊबीजेला, बारशाला, तेराव्याला बोलावणं यायचं, पण ते घरी. दुकानाची पायरी चढायचं मला काही कारणच उरलं नव्हतं. आणि मी गेले ती नावेसाठी नाही, भावाच्या मायेनं तर नाहीच. मला त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. ज्याचा हात थरथरायला लागला आहे अशा माणसाला आता ते बोलायला काय हरकत असावी, असं मला वाटलं. ते वाक्य कुठलं, हे सांगायचं तर मागं जावं लागेल.

शाळा सुटली की मी दुकानात असायची. बाबांनी मला काम शिकवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शिकवलं दादाला. माझं काम रॉकेलच्या घमेल्यात सुटे भाग धुण्याचं. पण धुता धुता माणूस बघतोच, आणि बघता बघता शिकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्यात मी डावखुरी. आईनं डाव्या हातावर चमचा मारून मारून मला उजव्या हातानं जेवायला शिकवलं, लिहायलाही उजव्यानंच लावलं. पान्हा किंवा कानस घेतली की मात्र डावाच हात पुढं यायचा, आणि तिथं मारायला आई नव्हती.

आमच्या दुकानाचं नाव बेअरिंगसाठी होतं. इंजिनात पिस्टनचा दांडा खाली क्रँकच्या शाफ्टला जिथं धरतो, तिथं लोखंडाच्या दोन अर्धगोल वाट्या बसवतात, एक वरची आणि एक खालची. त्यांच्या आत मऊ पांढरा धातू ओतलेला असतो. तो शाफ्टला कुठंतरी टेकून भागत नाही, सगळीकडून सारखा टेकावा लागतो, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं आणि एक दिवस दांडाच मोडून बाहेर येतो. म्हणून शाफ्टला तेलात कालवलेला शेंदूर पुसट लावायचा, वाटी बसवून फिरवायची आणि काढायची. जिथं शेंदूर लागला तेवढा भाग उंच. तो स्क्रॅपरनं खरवडायचा, केसाएवढा. पुन्हा शेंदूर, पुन्हा वाटी. दोन-दोन दिवस हेच चालायचं. शेवटी वाटीभर बारीक बारीक ठिपके सारखे उमटले की काम झालं. स्क्रॅपर प्रत्येकानं जुनी तीनधारी कानस घासून आपापला करायचा, आणि प्रत्येकाच्या खरवडण्याच्या रेघा वेगळ्या पडायच्या. बाबा टॉर्च मारून नुसत्या रेघांवरून सांगायचे, हे कामठीच्या मिस्त्रीचं काम, हे रेल्वेत शिकलेल्या माणसाचं, हे कुण्या घाईवाल्याचं.

दुकानात बाबांचा एक नियम होता. काम दाखवताना तोंड उघडायचं नाही. वाटी त्यांच्यापुढं धरायची आणि गप्प उभं राहायचं. मी केलं, असं ज्याला सांगावं लागतं त्याचं काम कच्चं, असं ते मानायचे. विचारलं तरच उत्तर द्यायचं, आणि ज्याला विचारलं त्यानंच. तो नियम मी फार मनापासून पाळला. मूर्ख होते.

मी एकवीस वर्षांची होते तेव्हा बाबांना कावीळ झाली. महिनाभर अंथरूण. नेमकं तेव्हाच भंडाऱ्याकडच्या एका भातगिरणीचं इंजिन दुकानात आलं. धान निघालं होतं, गिरणी बंद होती, मालक रोज येऊन बाकावर बसायचा. दादानं दोन दिवस खरवडून खरवडून वाटीत एका बाजूला खड्डा पाडला. पुन्हा धातू ओतून आणला, पुन्हा तीच गत. तो डोकं धरून बसला. मी त्याला म्हटलं, "सरक." तो सरकला, आणि मालकानं पोरीला काम करताना पाहू नये म्हणून दारावर पोत्याचा पडदा टाकून स्वतः पडद्याबाहेर उभा राहिला. दोन दिवस मी आत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीभर ठिपके उमटले. तेव्हा झालेला आनंद मला पुढं कशानंच झाला नाही. लग्नानंही नाही, मुलीच्या जन्मानंही नाही. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

संध्याकाळी बाबा सायकल रिक्षानं आले. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय लटपटत होते. दादानं वाट्या त्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग विचारलं, "कोनं केलं?"

दादा म्हणाला, "मी."

मी घमेलं घेऊन चार हातांवर उभी होते. बाबा आता मान वर करतील आणि माझ्याकडे बघतील, याची मला इतकी खात्री होती की मला हसू येत होतं. त्यांनी वाट्या खाली ठेवल्या, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "जा वं, घरी जाऊन स्वयंपाकाले लाग."

त्याच वर्षी दुकान दादाच्या नावावर झालं आणि माझं लग्न झालं. मी सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं फायलींना दोरे बांधले. माझा हिशेब साधा होता. बाबा आजारी होते, नजर मंद झाली होती, दादा खोटं बोलला आणि बाबा फसले. बाबांवर मी कधी रागावले नाही. राग सगळा दादासाठी राखून ठेवला आणि दर भाऊबीजेला ओवाळताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं एवढंच म्हणावं की, मी खोटं बोललो, ते काम तुझं होतं. तो म्हणायचा, "लाडू चांगले झाले."

तर फोननंतर मी रोज सकाळी मेट्रोनं सीताबर्डीला उतरून पुढं ऑटोनं दुकानात जाऊ लागले. मार्चचे दिवस होते. अकरापर्यंत काम व्हायचं, नंतर नावेच्या पत्र्याला हात लावायची सोय नसायची. तळाला नवे पत्रे वेल्डिंग करून झाले होते. दादानं भंगारातल्या बसच्या सरकत्या खिडक्या आणून केबिनला लावल्या. आत समोरासमोर दोन पलंग, त्यांच्या पोटात सामानाचे कप्पे, भिंतीला मिटणारं टेबल, एका कोपऱ्यात शेगडी. वहिनी एकदा आत डोकावून म्हणाली, "अन् पोळी कुठं लाटाची?" पोळी लाटायची जागा दादानं ठेवलीच नव्हती. विलायतेच्या व्हिडिओत कुणी पोळ्या लाटत नव्हतं. मग मिटणारं टेबल अर्धं कापून तिथं ओटा काढला. दादा दिवसभर फुरंगटून बसला.

इंजिन अंगणातल्या कडुलिंबाखाली ताडपत्रीत झाकून ठेवलं होतं. एका सिलिंडरचं, माझ्या छातीएवढं उंच, दोन्ही बाजूंना मोठी चाकं असलेलं. ताडपत्री ओढली आणि मी जागीच थांबले. डाव्या चाकाच्या एका आऱ्याला पितळेचा टाका होता. तो बाबांनी मारलेला होता, भातगिरणीचं हे इंजिन त्या काविळीच्या आधी एकदा दुकानात आलं होतं तेव्हा, मी भाता ओढत असताना. मी विचारलं, "हे कुठून आणलं?"

"भंगारातून," दादा म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला.

चार दिवसांत आम्ही ते खोललं. आम्ही म्हणजे मी. तो स्टुलावर बसून नट मोजून डब्यात टाकायचा. पिस्टन अडकलेला होता, त्यावर डिझेल ओतून लाकडी ठोकळ्यानं दोन दिवस ठोकावं लागलं. रिंगा गेल्या होत्या, इंजेक्टर जाम होता. भातगिरणीला वीज आल्यावर हे इंजिन बहुधा वापरातच राहिलं नव्हतं, कारण शाफ्टला फारशी झीज नव्हती. पाचव्या दिवशी दादा डॉक्टरकडे गेला होता तेव्हा मी दांड्याच्या वाट्या उघडल्या.

वरची वाटी आरशासारखी गुळगुळीत झाली होती. सगळा दाब तिच्यावरच येतो. खालची वाटी रॉकेलनं धुतली, पुसली, उन्हात धरली. कडांना रेघा जशाच्या तशा होत्या. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा एका बाजूला झुकतात. ह्या दुसऱ्या बाजूला झुकलेल्या होत्या. शेकड्यांनी होत्या, बारीक, एकसारख्या. मी तिथंच जमिनीवर बसले. वहिनीनं आतून विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "ऊन लागलं."

वाटी मी स्वच्छ कापडात गुंडाळून माझ्या डब्याच्या पिशवीशेजारी फळीवर ठेवली. लगेच दाखवायची नाही, असं ठरवलं. सगळे जमतील तेव्हा दाखवायची, भाचा, भाचेसून, वहिनी, आणि दादाच्या हातात द्यायची. काही बोलायचं नाही. बोलेल तो बोलेल. बघा, इतकं होऊनही मी बाबांचाच नियम पाळायला निघाले होते.

त्या शनिवारी पुण्याहून मुलगी आली म्हणून दोन दिवस मी गेले नाही. सोमवारी गेले तर फळीवर कापड घडी करून ठेवलेलं. दादा स्टुलावर बसला होता आणि समोर बाकावर दोन्ही वाट्या होत्या, आतला धातू नवाकोरा, पांढराशुभ्र.

"आणल्या ओतून," तो म्हणाला. "कॉटन मार्केटच्या मागं तो म्हातारा अजून ओतून देते. पाहा कसा झकास भरला."

"वरची खराब होती. खालचीले काय झालं होतं?"

त्यानं नव्या वाटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"दादा, खालची वाटी काहून वितळवली?"

त्यानं गुडघे चोळले. मग म्हणाला, "मी पाहिलं होतं. कापडात काय गुंडाळून ठेवलं म्हणून उघडून पाहिलं. मले समजलं तू काय करून राहिली ते. पोरगं असते इथं, सून असते. त्यांच्यासमोर तू ते काढलं असतं, तर मी तोंड कुठं लपवलं असतं?"

"म्हणजे तुले माहीत आहे."

"न माहीत असाले काय झालं. मीच तर पडदा धरून उभा होतो."

त्यानं इतक्या सहज कबूल केलं. चाळीस वर्षं मी ह्या वाक्याची वाट पाहिली आणि ते आलं ते असं, पुरावा भट्टीत घालून झाल्यावर. मी म्हणाले, "तू बाबाले फसवलं. आजारी माणसाले फसवलं तू."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत लाज असती तर मला बरं वाटलं असतं. तिथं कीव होती.

"बाबाले कोन फसवीन वं?" तो म्हणाला. "टॉर्च मारून जो माणूस मिस्त्रीचं गाव सांगत होता, त्याले आपल्या घरातला डावा हात समजला नसन? तुले खरंच असं वाटत होतं?"

मी म्हटलं, "काय म्हणून राहिला तू?"

"तू स्वयंपाकाले गेली अन् बाबानं मले पुन्हा वाटी दाखवली. म्हणे, ह्या रेघा पाहा. हे डाव्या हाताचं काम आहे. म्हणे, असा हात माहाही नाही. मी पाय धरले. म्हणे, उठ. दुकान तुलेच देतो, पोरीनं बांधलेलं इंजिन कोन नेते? पण तू हे शीक. अन् तिले कळू देऊ नको. कळलं तर लग्नाले उभी राहणार नाही ती."

असा हात माझाही नाही. हे बाबा म्हणाले होते. कुणाला, तर ज्यानं ते काम केलं नव्हतं त्याला.

मला आधी दादाचा राग आला नाही, रडूही आलं नाही. मला आठवत राहिलं की शेवटच्या आजारात बाबा दोन महिने माझ्या घरी होते. मी रजा काढली होती. त्यांना भरवलं, अंग पुसलं, रात्री कूस बदलून दिली. त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. दुधात साखर कमी आहे हे ते सांगायचे, खिडकीचा पडदा लावायला सांगायचे. दोन महिने होते त्यांच्याकडे. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? माझा राग इतकी वर्षं चुकीच्या माणसावर खर्च झाला होता आणि ज्याच्यावर व्हायला हवा होता, त्याच्या फोटोला मी दर वर्षी हार घालत होते. त्याबद्दल मी स्वतःलाही माफ करू शकत नाही.

मी विचारलं, "हेच इंजिन काहून आणलं?"

"स्वस्तात मिळालं," तो म्हणाला. आणि मग, मी काही न विचारता, "मले तरी बाबानं सुखानं जगू दिलं का?"

ह्याचा अर्थ मी विचारला नाही. त्याच्या दुःखाची चौकशी करण्याची त्या दिवशी माझी ऐपत नव्हती. डब्याची पिशवी उचलली आणि घरी आले.

घरी आल्यावर भिंतीवरचा फोटो काढला. फोडला वगैरे नाही, तसलं मला जमत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणाच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांखाली ठेवून दिला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. मुलीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजोबा कुठं गेले?" मी सांगितलं, भिंतीला रंग द्यायचा आहे.

आठवडाभर गेले नाही. दादानं फोन केला नाही, वहिनीनं केला. म्हणाली, "ते स्वतःच खरवडाले बसले आहेत ताई. हात थरथरून राहिला. एक वाटी नासवली."

मी गेले. का गेले याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. भावासाठी गेले असं म्हटलं असतं तर छान दिसलं असतं. खरं असं आहे की ते काम कुणीतरी बिघडवत आहे, ही कल्पना मला सोसवेना. तो पुन्हा धातू ओतून घेऊन आला. मी एक जुनी तीनधारी कानस घासून स्क्रॅपर केला, चष्म्यावर चष्मा चढवला आणि बसले. पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी मनगटाला आठवायला लागलं. शेंदूर लावायचा, वाटी फिरवायची, काढायची, खरवडायचं. डावा खांदा भरून यायचा, घरी जाऊन शेकायची. दादा स्टुलावर बसून बघायचा आणि आता नट मोजायचंही नाटक करायचा नाही. एकदा हळूच म्हणाला, "मनगट वळवते तू. मी नुसता ढकलत होतो." पन्नास वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री हे मला आत्ता सांगत होता. मी पुढची रेघ मारली. चौथ्या दिवशी वाटीभर ठिपके उमटले. एकवीस वर्षांची असताना झाला होता तसा आनंद होईल म्हणून मी थांबले. झाला नाही. काम मात्र चांगलं होतं. कदाचित तेव्हापेक्षाही चांगलं होतं.

मे महिन्यात इंजिन नावेत बसवलं. त्याच्या वजनानं मागची बाजू खाली जाणार म्हणून पुढच्या तळात जुन्या फरश्या रचल्या. जूनच्या आधी पाण्यावर न्यायची असं दादाच्या मनात होतं. तासा-दीड तासावरच्या एका धरणावर मासेमारी करणाऱ्यांशी त्याची ओळख होती, त्यांच्या मध्यस्थीनं परवानगी मिळाली. एका रविवारी सकाळी ट्रेलर निघाला, मागं दोन गाड्या भरून नातेवाईक. पाणी खाली गेलं होतं, काठाची माती भेगाळलेली. क्रेननं नाव उतरवली. ती पाण्यावर टेकली, जराशी डावीकडे कलली आणि स्थिर झाली.

हँडल मी मारलं. दादाच्या हातानं ते जमणार नव्हतं आणि भाच्याला येत नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, झटका आला तर हात मोडत नाही. तिसऱ्या फेऱ्याला दाब मोकळा ठेवणारी कळ सोडली आणि इंजिन लागलं. धुराची दोन वलयं, मग सरळ धूर. मी उतरून काठावर आले आणि ऐकत राहिले. बेअरिंग ठोकत असेल तर त्या धुक-धुकीच्या खाली एक कोरडा आवाज येतो. तो नव्हता. दहा मिनिटं ऐकलं, नव्हताच.

दादा नावेच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा होता. पांढरा सदरा, टोपी, अगदी व्हिडिओतल्यासारखा. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हे इंजिन माह्या बहिणीनं बांधलं आहे. मी नाही. आमच्या दुकानात सगळ्यात चांगला हात तिचाच होता. चाळीस वर्षांआधीही हे तिनंच बांधलं होतं, अन् मी माह्या नावावर खपवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी मोबाइल काढले. भाचेसून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, तुम्ही कधी सांगितलं नाही." दादाचे डोळे भरले होते आणि तो माझ्याकडे बघत होता, आता तरी, असं म्हणत असल्यासारखा. त्याला सोपं गेलं नसणार. मला दिसत होतं ते. मी मान हलवली. तेवढीच हलली. मला हवं होतं ते वाक्य शब्दन् शब्द मिळालं होतं आणि ते ऐकताना मला फक्त एवढं कळलं की ते मला त्याच्याकडून कधी नकोच होतं.

नाव निघाली. मी चढले नाही, काठावरच्या बाभळीखाली सतरंजीवर बसले. वहिनीही राहिली, तिला पाण्याची भीती वाटते. तिनं डब्यातला चिवडा माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "बरं झालं बोलले ते. बाबाले किती कौतुक होतं तुमचं."

मी विचारलं, "तुम्हाले कोनं सांगितलं?"

"बाबाच म्हणत. रोज जेवताना. ह्यांचं काम पाहून आले की ताटावर बसल्या बसल्या सुरू. तिचा हात असता तर, तिनं हे असं केलं असतं, तिनं ते तसं केलं असतं. ह्यांना घास जायचा नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले माहीतच असन असं वाटलं मले. लेकीले तर सांगितलंच असन."

मी चिवडा घेतला. दर दिवाळीला मी माहेरी चार दिवस जात होते. बाबांच्या समोरच्याच पाटावर जेवायला बसत होते. मी असले की ते पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि मीठ मागायचे.